बालवर्गात दोन गोष्टींच्या मधल्या वेळेत वर्ग हातातून जातो, काय करू?

खडूची_धूळ:

नमस्कार मंडळी. सात वर्षं पाचवी-सहावीला शिकवलं आणि यंदा पहिल्यांदा बालवर्ग घेतलाय. वाटलं होतं एवढीशी तर पोरं, काय जड जाणार, पण महिनाभरात माझा पार भुगा झालाय. २२ मुलं आहेत, सगळी ४ ते ५ वर्षांची, मावशी एकच आणि त्याही अर्धा वेळ शेजारच्या वर्गात. गंमत म्हणजे गोष्ट चालू असते तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले असतात, गाण्यांनाही धमाल येते. पण गोष्ट संपली आणि मी चित्राचे कागद वाटायला उठले की संपलंच, दोघं टेबलाखाली, एक दाराशी, कोणीतरी कोणाचे तरी केस ओढलेले, आणि माझा आवाज चढला की त्यांचाही चढतो. घसा बसलाय तो वेगळाच. ठोकळे काढले की 'त्याला जास्त, मला कमी' यावरून रोज रडारड. एक मुलगी आहे, तिला काहीही विचारलं तरी नुसती बघत राहते, कळतं का नाही तेच समजत नाही. सोबतच्या टीचर म्हणतात स्टिकरचा तक्ता लाव, सगळे सुतासारखे सरळ होतील. लावू का? ज्यांनी खरंच हा वर्ग घेतलाय त्यांनी सांगा प्लीज, थिअरी मी डीएडला वाचलीय.

रेघोट्या:

अहो ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. 'कागद वाटायला उठले' हे लिहिलंत ना, तिथंच गोची आहे. तुम्ही कागद वाटताय त्या वेळात २२ जणांना काम काय आहे? काहीच नाही. आणि चार वर्षांच्या मुलाला काही काम नसलं की ते स्वतःच शोधतं, बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या केसात :) मला १४ वर्षं झाली या वर्गात, बेशिस्त म्हणून जे काही मी बघितलं त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं ताटकळणं होतं.

म्हणून एक करा, पुढच्या कामाचं सगळं सामान मुलं यायच्या आधी टेबलांवर मांडून ठेवा, कागद, खडू, पुसायचं फडकं, सगळं. आणि गोष्ट संपली की २२ जणांना एकदम उठवू नका. 'ज्यांच्या कपड्यात लाल रंग आहे ते बेडकासारखे जा', मग निळेवाले मांजरासारखे हळू, मग उरलेले. उरलेल्यांना आपला नंबर कधी लागतोय याची उत्सुकता असते म्हणून ते बसून राहतात, आणि रंग ओळखणं, ऐकणं हे फुकटात होऊन जातं.

'पाच मिनिटांत आवरा' याचा काही उपयोग नाही, त्यांना पाच मिनिटं म्हणजे काय ते माहीतच नसतं. वाळूचं घड्याळ ठेवा म्हणजे वेळ संपताना दिसते, किंवा सरळ सांगा की अजून दोन ठोकळे लावा आणि मग थांबायचं. आवरायचं एक ठरलेलं गाणं ठेवा आणि वर्षभर तेच, तुम्हाला स्वप्नात ऐकू यायला लागलं तरी बदलू नका. दिवसाचा क्रम चित्रांनी काढून भिंतीवर लावा, पण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर हं, आपण सगळे आपल्या उंचीवर लावतो आणि मग मुलं बघत नाहीत म्हणतो.

आणि पाचवीवाल्यांना सांगतो तसं 'वही काढा, नाव लिहा, मग चित्र पूर्ण करा' असं एका दमात सांगू नका. एक सूचना, ती झाली की दुसरी. 'पळू नका' म्हटलं की त्यांना 'पळा' एवढंच ऐकू येतं की काय देव जाणे, त्यापेक्षा 'चालत या' म्हणा.

घसा_गेलेली_बाई:

आवाजावर आवाज चढवायचा नाही, मी हे घशाला गाठी आल्यावर शिकले. एक छोटी घंटा किंवा टाळ्यांचा ठरलेला ताल घ्या, पण तो गोंधळ झाल्यावर पहिल्यांदा वापरू नका. आठवडाभर वर्ग शांत असताना खेळ म्हणून घ्या, टाळी ऐकली की पुतळा. सवय अंगात मुरली की मग गोंधळात वापरा. आणि ताल दिल्यावर कुजबुजत बोला, ऐकायला ते आपोआप पुढे सरकतात. घशासाठी गरम पाणी.

ठोकळेबाज:

ठोकळ्यांच्या भांडणाबद्दल. पोरं खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच तसं दिसतं. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा तो प्रयोग आठवा, दोन ओळींत सारख्याच वस्तू मांडायच्या आणि एक ओळ पसरट केली की या वयाची बरीच मुलं म्हणतात लांब ओळीत जास्त आहेत. आपण समोर मोजून दाखवलं तरी फरक पडत नाही. मग मोजून वाटण्यात अर्थच नाही ना! मी वाटणंच बंद केलं. सगळ्या वर्गाला एकदम ठोकळे काढत नाही, एका कोपऱ्यात चौघांची जागा, चार चटया, चटई रिकामी असेल तरच बसायचं, आणि ठोकळे भरपूर. संख्या कमी असली की कितीही समजावा, भांडण होणारच, तो स्वभावाचा नाही सामानाचा प्रश्न आहे.

जाता जाता, शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली (किंडरगार्टन हे नाव १८४० चं) तेव्हा चेंडू-ठोकळे हा त्याच्या अभ्यासक्रमाचा गाभा होता, त्यामुळे ठोकळ्यांना 'फावल्या वेळचं' समजू नका असं माझं मत. वजन, तोल, लांब-आखूड, सगळं तिथंच कळतं.

सोनेरी_तारा:

स्टिकर लावा की, एवढा काय विचार करायचा. माझ्या वर्गात दोन दिवसांत फरक पडला.

रेघोट्या:

@सोनेरी_तारा दोन दिवसांत पडतो हो, दोन महिन्यांनी काय होतं ते सांगा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. ज्या मुलांना मुळातच चित्र काढायला आवडायचं त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की काढलंत तर बक्षीस मिळेल. नंतर मोकळ्या वेळेत ही मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं मात्र काही बिघडलं नाही. त्यामुळे चित्र, गोष्ट, ठोकळे यांना स्टिकर अजिबात नको असं मी म्हणेन. आणि तक्ता भिंतीवर लावला की ज्याला एकही तारा नाही तो रोज तेच बघतो, हे मला जास्त खटकतं.

सोनेरी_तारा:

आवडीच्या गोष्टींना नको हे पटलं. पण चपला जागेवर ठेवणं कोणाला आवडतं? तेवढ्यापुरता मी ठेवणारच, फक्त भिंतीवरचा काढून आख्ख्या वर्गाची एक बरणी करते, सगळ्यांनी मिळून भरायची.

शांत_पाणी:

त्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता? मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐका एकदा, मी ऐकलं आणि लाज वाटली, एक सेकंदही नाही, लगेच मीच उत्तर दिलेलं. मेरी बड रो या अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक, त्यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक साधारण १ सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, पूर्वी न बोलणारीही बोलायला लागतात. ३ सेकंद ऐकायला काहीच नाही पण वर्गात ते युगासारखे वाटतात, मी पाठीमागे बोटं मोजते. शिवाय सगळ्यांसमोर विचारू नका. तिच्या शेजारी जमिनीवर बसून आपणही रंगवत बसायचं, तिच्याकडे न बघता, 'माझा निळा संपला वाटतं' असं काहीतरी म्हणायचं. बोटाने दाखवलं तरी ते उत्तरच. घरी बोलते का ते मात्र पालकांना जरूर विचारा, घरी भरपूर बोलत असेल आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द नाही असं असेल तर समुपदेशकांना दाखवलेलं बरं. ऐकायला कमी येतंय का हेही तपासून घ्या.

खडूची_धूळ:

सगळ्यांचे मनापासून आभार! तीन आठवड्यांनी येतेय. सकाळी अर्धा तास आधी जाऊन सामान मांडते, झोपेचं खोबरं झालंय पण वर्ग बराच बरा आहे. रंगाने उठवणं जबरदस्त चालतं, फक्त एक जण रोज म्हणतो माझ्या कपड्यात सगळे रंग आहेत आणि तीनदा जातो. टाळीचा पुतळा सोमवारी होतो, शुक्रवारी होत नाही. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात चटया टाकल्यापासून भांडण ठोकळ्यांवरून होत नाही, आता चटईवरून होतं 😄 @ठोकळेबाज पाचवी चटई टाकू का?

ती मुलगी घरी पोपटासारखी बोलते म्हणे, आईने सांगितलं. तिच्या शेजारी बसून रंगवतेय रोज. काल मी आकाश हिरवं रंगवलं मुद्दाम, तर तिने काही न बोलता निळा खडू उचलला आणि माझ्या हातात दिला.

ठोकळेबाज:

पाचवी नको. ज्याला चटई हवीय त्याचं चित्र दोरीवर चिमट्याने लटकवा, त्याला आपला नंबर दिसला की थांबतो.