मदत हवी आहे: श्रद्धा न दुखावता ताईला कसे समजवावे?

नमस्कार. माझ्या ताईची देवावर नितांत श्रद्धा आहे आणि पतीच्या दीर्घ आजारपणात त्याच श्रद्धेने तिला सावरले आहे. मात्र अलीकडे तपासणीच्या अहवालाचे पाकीट न उघडताच ती प्रार्थनेच्या पुस्तकाखाली ठेवते आणि ‘वाईट विचार मनात आणायचाच नाही’ असे म्हणून विषय थांबवते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी सारा भार देवावर सोपवणे आणि देवाला सोबती मानून स्वतः प्रयत्न करणे यांत फरक केला आहे. मला दुसरी वाट अधिक बळ देणारी वाटते. तिच्या श्रद्धेला जराही धक्का न लावता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्यास तिला कसे तयार करावे? अशा प्रसंगी आपण बोलण्याची सुरुवात कशी केली, हे कृपया सविस्तर सांगावे.