पाकिटाच्या दर्शनी बाजूवरील पोषण-इशाऱ्यांचा उपयोग किती होतो?

प्रश्न:
साखर, मीठ आणि संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) यांची माहिती पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ठळकपणे देण्याचे नियम अनेक देशांनी केले आहेत. त्यामुळे लोकांची खरेदी खरोखर बदलते का? मधुमेह असलेल्या वडिलांसाठी जिन्नस मीच निवडते, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद १:
चिलीमध्ये जून २०१६ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साखर, सोडियम (मिठातील घटक), संपृक्त मेद किंवा ऊष्मांक असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोन छापणे बंधनकारक झाले आणि त्यानंतरच्या सुमारे दीड वर्षात असा इशारा लागू होणाऱ्या पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसले. मात्र त्याच कायद्याने अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतील विक्रीवरही बंदी घातली होती, त्यामुळे या घटीचे सारे श्रेय अष्टकोनाला देता येणार नाही.

प्रतिसाद २:
माझ्या मते या नियमांचा अधिक मोलाचा परिणाम उत्पादकांवर होतो. चिलीत घन पदार्थांसाठी साखरेची मर्यादा दर १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅम होती, ती टप्प्याटप्प्याने २०१९ पर्यंत १० ग्रॅमवर आणली गेली. इशारा टाळण्यासाठी उत्पादकांनी पाककृती बदलल्या आणि पहिल्याच टप्प्यात इशाऱ्यास पात्र पदार्थांचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आले. पाकीट न वाचणाऱ्यालाही याचा लाभ मिळतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण अनेक पेयांत साखरेची जागा कृत्रिम गोडी आणणाऱ्या द्रव्यांनी घेतली. मेक्सिकोने २०२० च्या नियमांत अशा द्रव्यांसाठी, ती मुलांसाठी योग्य नाहीत, अशी वेगळी सूचना ठेवली.

प्रश्नकर्ती:
मग अष्टकोन नसलेला पदार्थ वडिलांना निर्धास्तपणे द्यावा का?

प्रतिसाद ३:
नाही, कारण साखरेचा इशारा पिष्टमय पदार्थ मोजत नाही. मैद्याच्या, साखर न घातलेल्या पदार्थावर तो दिसणार नाही, तरी रक्तातील साखर वाढेल. फ्रान्समध्ये पाकिटावर एकूण पोषणासाठी दिली जाणारी ए ते ई श्रेणी किंवा ऑस्ट्रेलियातील तसेच तारांकन यांत तर तंतुमय घटक व प्रथिने यांचे गुण साखरेसाठीच्या दोषगुणांतून वजा होऊन एकच एकत्रित निकाल मिळतो, जो मधुमेहींसाठी पुरेसा नाही. आपण पाकिटाच्या मागील बाजूच्या पोषण-तक्त्यातील एकूण कर्बोदकांचा (साखर व पिष्ट दोन्ही धरून) आकडा अवश्य पाहावा, आणि तोही दर १०० ग्रॅमचा, कारण एका वाढपाचे माप प्रत्येक उत्पादक वेगळे धरू शकतो.