मदत हवी आहे: मॉस्कोहून नदीमार्गे सेंट पीटर्सबर्ग

जूनमध्ये आईबाबांना घेऊन मॉस्कोच्या उत्तरेकडच्या नदी टर्मिनलवरून (मेट्रो स्टेशन रेच्नोय वोकझाल) क्रूझने पीटर्सबर्गला जायचा विचार आहे. १९३७ साली मॉस्को कालव्यासोबत उघडलेली ही इमारत आहेच मुळी जहाजासारखी: लांबच लांब कमानी, मधोमध मनोरा, त्यावर उंच सुळका आणि टोकाला तारा. हा तारा आधी क्रेमलिनच्या स्पास्काया मनोऱ्यावर होता म्हणे! २०२० साली डागडुजीनंतर टर्मिनल पुन्हा सुरू झालंय.

कुणी हा प्रवास केलाय का? व्होल्गापर्यंत १२८ किलोमीटरच्या कालव्यात जहाज ६ लॉकमधून (म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून जहाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दरवाजे असलेल्या कप्प्यांमधून) खाली उतरतं. त्यातल्या यख्रोमाजवळच्या लॉकच्या मनोऱ्यांवर कोलंबसच्या ‘सांता मारिया’ जहाजाच्या तांब्याच्या प्रतिकृती आहेत. माझा सगळा जीव त्यात अडकलाय. ते ठिकाण उजेडात लागतं की आपण झोपेत असताना?

बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा केबिन कोणत्या डेकवर घ्यावी? आणि आई शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. जहाजावर सांगून काही मिळतं, की मेथीचे ठेपले आणि उपम्याची पाकिटं बांधूनच न्यावीत? बुकिंग एजंट नुसतं ‘हो जी, सब मिलेगा’ म्हणतोय.