रेम्ब्रांटचा सिव्हिलिस: स्वातंत्र्याची शपथ की दगा?

रानपाखरू: स्टॉकहोमच्या नॅशनल म्युझियममधलं डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'क्लॉडियस सिव्हिलिसचा कट' परवा दुसऱ्यांदा बघितलं आणि डोक्यातून जातच नाहीये. गोष्ट इ.स. 69 ची. ऱ्हाईनच्या मुखाशी राहणाऱ्या बटाव्हियन लोकांचा म्होरक्या सिव्हिलिस जेवणाच्या निमित्ताने माणसं देवराईत जमवतो आणि रोमविरुद्ध उठायची शपथ घ्यायला लावतो. डच लोक याला स्वातंत्र्याचं चित्र मानत आले, मला ते सरळसरळ दग्याचं वाटतं. हा माणूस 25 वर्षं रोमच्या फौजेत होता, नावसुद्धा रोमन घेतलेलं, आणि उठला तोही उघडपणे नाही, गादीसाठी व्हिटेलियस आणि व्हेस्पॅशियन भांडत होते तेव्हा मी व्हेस्पॅशियनच्या बाजूने आहे असं दाखवत राहिला. चित्रात टेबलावरचा दिवा पाठमोऱ्या माणसाआड झाकलाय, उजेड खालून तोंडावर येतो, एकाही चेहऱ्यावर निर्मळपणा नाही.

गडकरी_वाट: दगा आधी कुणी केला ते पण लिहा ना! याच्या भावाला, पॉलसला, बंडाचा खोटा आळ घालून मारलं आणि याला साखळदंड घालून सम्राट नीरोकडे पाठवलं, नीरोनंतर गॅल्बा गादीवर आला म्हणून सुटला. बटाव्हियन लोक कर देत नव्हते, त्याऐवजी पोरं देत होते फौजेला. व्हिटेलियसच्या भरतीवाल्यांनी काय केलं, तर म्हाताऱ्या-आजारी लोकांना धरायचं आणि पैसे घेऊन सोडायचं, आणि देखणी पोरं वासनेसाठी ओढून न्यायची. हे टॅसिटस या इतिहासकाराने लिहिलंय, जो स्वतः रोमन. अशा मालकाशी कसलं इमान राखायचं?

रानपाखरू: भावाचं मान्य, तिथे बोलायला जागाच नाही. पण व्हेटेराच्या रोमन छावणीचं काय? वेढ्यात उपाशी मरायला टेकलेली रोमन शिबंदी शरण आली, जीव वाचेल असा शब्द मिळाला म्हणून बाहेर पडली आणि पाच मैलांवर दबा धरून त्यांना कापलं. यालाही सूडच म्हणायचं का?

गडकरी_वाट: सिव्हिलिसने त्यावर जर्मन साथीदारांना शब्द मोडला म्हणून झापलं होतं, हे पण टॅसिटसच सांगतो.

रानपाखरू: आणि तो राग खरा होता की नाटक, हे नक्की सांगता येत नाही असंही तोच लिहितो, अर्धं वाक्य नका घेऊ.

शाईचा_डाग: तुम्ही दोघं टॅसिटसवर भांडताय, चित्र राहिलं बाजूला. मी चित्रकला शिकवते म्हणून सांगते, त्या डोळ्याकडे बघा. सिव्हिलिस एका डोळ्याने आंधळा होता. बाजूने काढून तो डोळा सहज लपवता आला असता, रेम्ब्रांटने तोंड समोर ठेवून तोच आपल्यापुढे आणला. हे काम होतं ॲमस्टरडॅमच्या नव्या टाउन हॉलसाठी, आधी गोव्हर्ट फ्लिंक या चित्रकाराकडे होतं, तो 1660 मध्ये वारला. 1648 ला स्पेनपासून सुटका पक्की झालेली, बटाव्हियन म्हणजे आपले पूर्वज असं मानणाऱ्या शहराला भिंतीवर रुबाबदार पूर्वज हवा होता आणि याने दिली ही रांगडी माणसं. 1662 मध्येच चित्र भिंतीवरून खाली काढलं. साधारण साडेपाच मीटर उंच आणि तेवढंच रुंद होतं, कापून कापून आज उरलंय 196 बाय 309 सेंटीमीटर. पूर्ण मांडणी कशी होती ते म्युनिकमधल्या एका रेखाटनावरून कळतं, वर केवढी तरी कमान आणि खाली ही मूठभर माणसं. एवढ्या मोठ्या अंधारात ती मला दगाबाज नाही वाटत हो, घाबरलेली वाटतात.

रानपाखरू: घाबरलेला माणूस दगा देत नाही असं थोडंच आहे? पण कमानीचं पटलं. आपण बघतो तो मधला तुकडा, त्यात चेहरे अंगावर येतात. पुढच्या वेळी ते रेखाटन मोबाईलवर उघडून चित्रासमोर उभा राहणार.

गडकरी_वाट: जा नक्की. आणि तलवारी मोजा, सगळ्या त्याच्या एका तलवारीला येऊन टेकल्यात. भरतीत ज्यांची पोरं ओढून नेली तीच माणसं आहेत ही, मी त्यांना दगाबाज म्हणणार नाही.