शाळा सुरू व्हायच्या आधी राहिलेल्या लसी: सगळ्या एकदम देऊन टाकाव्यात का?

दोन_चिमण्या
नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. मुलगा पाच पूर्ण झाला, आता मोठ्या शाळेत जाणार, शाळेने बाकी कागदांबरोबर लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स मागितलीय. कार्ड काढून बघते तर दीड वर्षापर्यंत सगळं व्यवस्थित, तारखा शिक्के सगळं, आणि त्यापुढे कोरं. मधे आमची बदली झाली, डॉक्टर बदलले, त्यात ते राहूनच गेलं. म्हणजे एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेला) दुसरा डोस नाही, कांजिण्यांचा एकच आहे आणि पाच वर्षांचा तो ट्रिपलचा बूस्टर पण नाही. शाळेला उरलेत तीन आठवडे. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला इतक्या सुया एकदम नको, दर आठवड्याला एक द्या. एक मैत्रीण म्हणते गॅप एवढा पडला ना, आता पहिल्यापासून सगळं परत. आणि ह्याचं नाक कालपासून गळतंय, म्हणजे तेही आहेच. मुलगी अकराची आहे, तिलाही या वयात काही असतं का? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा प्लीज.

हिरवा_पडदा
मी लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे, जून आला की आमच्याकडे हेच. पहिलं म्हणजे मैत्रिणीला सांगा, पहिल्यापासून काही करायचं नसतं. आधीचे डोस मोजले जातात, जिथे थांबलं तिथून पुढे.
दुसरं, सासूबाईंचा प्लॅन वाटतो सोपा पण इथे चालणार नाही, कारण एमएमआर आणि कांजिण्या दोन्ही जिवंत विषाणूंच्या (म्हणजे कमजोर केलेल्या) लसी आहेत. त्या एकतर एकाच दिवशी द्यायच्या नाहीतर मधे कमीत कमी २८ दिवस सोडायचे. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी असं केलं तर दुसरी नीट लागू पडेलच असं नाही आणि ती परत द्यायला लागते, म्हणजे सुई वाचवायला गेलात आणि एक वाढली. २८ दिवस थांबलात तर शाळा सुरू होऊन जाईल. म्हणून दोन्ही एकाच दिवशी. ट्रिपलच्या बूस्टरला (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) ही भानगड नाही, तो त्याच दिवशी किंवा नंतर कधीही चालतो.
नाक गळणं, साधा खोकला याने लस थांबवत नाहीत. चांगला ताप असेल, पोर मलूल पडलं असेल तर थांबतात. पण आधीच्या लसीला जोरात अ‍ॅलर्जी आली असेल, स्टिरॉइड चालू असतील, गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते दारातच सांगा, विचारायची वाट बघू नका.

उंबराचं_झाड
एकदम तीन लसी म्हणजे शरीरावर लोड येत नाही का? आणि खरं सांगू, आमच्या लहानपणी गोवर घरोघरी यायचा, आठ दिवस अंगावर पुरळ आणि मग पोरं परत खेळायला. एवढा बाऊ कशाला ते कळत नाही.

टाचणी
@उंबराचं_झाड, जी बरी झाली ती आठवतात हो. १९६३ साली गोवराची लस आली, त्याआधी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख लोक गोवराने मरत होते, आणि त्यात बहुतेक लहान मुलंच. गोवर झालेला मुलगा वर्गातून उठून गेला तरी विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. लस न घेतलेली दहा मुलं त्याच्या जवळ आली तर नऊ जणांना होतो. आता वर्गात बाकाला बाक लावून बसलेली पोरं डोळ्यासमोर आणा. म्हणून तर गोवर पसरू द्यायचा नसेल तर शंभरातल्या ९५ जणांना दोन्ही डोस हवेत म्हणतात. त्यात गोवर होऊन गेला की आधी कमावलेली बाकीच्या आजारांविरुद्धची प्रतिकारशक्ती पण बरीच पुसली जाते, पुढे कित्येक महिने पोरगं सारखं आजारी.
लोडचं म्हणाल तर पोर दिवसभर मातीत हात घालून तो तोंडात घालतं, त्यापुढे तीन लसी काहीच नाहीत. आणि कोणी ऑटिझमचं काढायच्या आतच लिहून ठेवते, एमएमआरचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा तो पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेलाय.

बाबा_ऑन_ड्यूटी
आमच्याकडे टोचायला न्यायचं काम माझं असतं, त्यामुळे थोडं प्रॅक्टिकल. "काही दुखत नाही रे" असलं अजिबात सांगू नका, दुखतंच, आणि पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. मी सांगतो, टुचकन दुखेल आणि संपेल. मांडीवर बसवायचं, छातीशी धरायचं, सुईच्या वेळी मेणबत्ती विझवल्यासारखी लांब फुंकर मारायला लावायची. सैल बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर तिथे बटणं काढण्यातच अर्धं रडून होतं. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसायचं, लगेच पळायचं नाही.
अजून एक कोणी सांगत नाही, एमएमआरचा ताप आला तर त्याच दिवशी नाही, साधारण आठवडाभराने ते बारा दिवसांत येतो, थोडं पुरळ पण दिसू शकतं. आजउद्या घेतलंत तर ते शाळेच्या आधीच उरकतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका, ताप आला तर डॉक्टरांना विचारून द्या. कांजिण्यांच्या लसीनंतर दीड महिना अ‍ॅस्पिरिन मात्र नाही म्हणजे नाही.

हिरवा_पडदा
@बाबा_ऑन_ड्यूटी 👍 मुलीचं राहिलंच. दहा ते बारा वर्षांत धनुर्वात-घटसर्पचा बूस्टर असतो, आणि ९ ते १४ हे एचपीव्हीचं वय, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस. या वयात एक किंवा दोन डोसात भागतं, उशिरा सुरू केली तर डोस वाढू शकतात, म्हणून लांबवू नका. या वयातल्या मुलींना सुईनंतर चक्कर यायचं प्रमाण जास्त, तिला बसवून किंवा आडवं करूनच टोचून घ्या आणि निघताना एकदम उठू देऊ नका.

दोन_चिमण्या
बापरे, किती पटापट उत्तरं आली, थँक्यू सगळ्यांना. सासूबाईंना २८ दिवसांचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग एकदमच उरका, पण मी येणार बरोबर. शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली, दोघांची एकदमच. एक शंका, तिन्ही एकाच दंडात देतात का? आणि जुन्या डॉक्टरांकडे दिलेलं असेल पण कार्डावर लिहिलं नसेल असं झालं असेल तर?

हिरवा_पडदा
दोन्ही दंड वाटून घेतात, एकाच दंडात दोन द्यायच्या तर मधे इंचभर अंतर ठेवतात. जुन्या डॉक्टरांना फोन करून रजिस्टर बघायला सांगा. लेखी नाही सापडलं तर दिलेलंच नाही असं धरतात, एमएमआर किंवा कांजिण्यांचा एक डोस जास्तीचा झाला तरी बिघडत नाही. धनुर्वाताचं तसं नाही, ते फार जवळजवळ झाले तर दंड चांगलाच सुजतो, म्हणून त्याचं आधी शोधा. आणि शनिवारी निघायच्या आधी कार्डावर तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि सही शिक्का आहे ना बघून घ्या, नुसती टिकमार्क केलेली कार्डं शाळेतून परत येतात.