मदत हवी आहे: 'कृत्रिम प्रकाश' स्पर्धेसाठी चार प्रचि (प्रकाशचित्रं), त्यातली तीन निवडायची आहेत

कवडसा

स्पर्धेचा विषय 'कृत्रिम प्रकाश'. प्रवेशिका तीनच. जेपेग, एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगव्यवस्था), लांब बाजू १९२० पिक्सेल, फाइल २ एमबीच्या आत. क्रॉप, रंग, उजेड कमी-जास्त करणं, धूळ पुसणं चालतं. दोन फ्रेम जोडलेल्या चालत नाहीत, आणि शंका आली तर मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याची, काही न बदललेली) मागतात. परीक्षण प्रोजेक्टरवर. हातात पंधरा दिवस आहेत, त्यामुळे पुन्हा काढायची तयारी आहे. "छान आहे" नको, चुका सांगा.

साहित्य: क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ आणि १८-५५ लेन्स, दोन मॅन्युअल फ्लॅश, ते दुरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर, ६० सेंमीचा चौकोनी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवणारी पांढऱ्या पडद्याची पेटी), ट्रायपॉड.

प्रचि १: काळ्यावर काचेचा पेला, फक्त कडा उजळलेल्या. पेल्यामागे ४० सेंमीवर सॉफ्टबॉक्स, त्याच्या तोंडावर ५० x ५० सेंमीचा काळा कार्डशीट. कॅमेरा उभा, पेल्यापासून ५५ सेंमी, ५० मिमी लेन्स. शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००. डावी कड जाड आणि उजवी दोऱ्यासारखी आली आहे, बुडाशी राखाडी धुरकटपणा आहे.

प्रचि २: पाच वातींची पितळी समई, डावीकडून सॉफ्टबॉक्स. १/२००, एफ/५.६, आयएसओ २००. ज्योती दिसतात, पण समई पेटलेली वाटत नाही. पितळेवर पांढरा चौकोन उमटलाय.

प्रचि ३: चेहऱ्यावर मोदकपात्राच्या जाळीतून पडलेले ठिपके. १२ वॅटचा एलईडी बल्ब जाळीपासून ६० सेंमी, जाळी चेहऱ्यापासून १५ सेंमी. १/२५०, एफ/२.८, आयएसओ ३२००, सायलेंट शटर. ठिपके एकमेकांत मिसळलेत आणि फोटोभर आडवे पट्टे आहेत.

प्रचि ४: रात्रीची बारव (पायऱ्यांची विहीर), टॉर्चने रंगवलेली. ३० सेकंद, एफ/८, आयएसओ २००. सपाट आणि निळसर दिसते.

कुठला गाळू?

दिवाबत्ती

गाळायचं नंतर बघू. आधी ३, कारण तिथे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही बहुतेक दोन्हींचं खापर बल्बवर फोडाल.

पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सायलेंट शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण चक्र मिळतं आणि पट्टे जातात.

ठिपके मात्र त्याने सुधारणार नाहीत. सावलीच्या कडेचा धूसरपणा म्हणजे दिव्याची रुंदी गुणिले जाळी ते चेहरा अंतर, भागिले दिवा ते जाळी अंतर. तुमचा बल्ब साधारण ६ सेंमीचा: ६ x १५ / ६० म्हणजे दीड सेंमी. मोदकपात्राची भोकं अर्धा-पाऊण सेंमीची, ती टिकणार कशी? बल्ब काढून सॉफ्टबॉक्स न लावलेला नुसता फ्लॅश २ मीटरवर ठेवा. त्याच्या काचेपुढे २ सेंमीचं भोक पाडलेलं काळं कार्ड लावा. आता हिशेब २ x १५ / २००, म्हणजे दीड मिलिमीटर. ठिपके कापून ठेवल्यासारखे येतील. भोकामुळे साधारण तीन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ २००, एफ/५.६, पाव ताकदीपासून सुरू करा. कार्ड काचेला चिकटवू नका, मध्ये बोटभर फट ठेवा. जोरात चार-सहा वेळा मारला की काळा कागद तापतो आणि फ्लॅशची पुढची काच खराब होते. शटर नेहमीचं मेकॅनिकल, १/१६०. बऱ्याच कॅमेऱ्यांत सायलेंटवर फ्लॅश पेटतच नाही.

ठिपके कुठे पडणार ते आधी बघायला फ्लॅशच्या जागी मोबाइलचा टॉर्च धरा. जाळी सरकवत एक ठिपका बरोबर डोळ्यावर आणा. आत्ता तुमच्या फोटोत दोन्ही डोळे सावलीत आहेत, आणि उजळ ठिपका नाकाच्या शेंड्यावर! बघणारा तिथेच अडकतो.

निम्माउजेड

प्रचि १ बद्दल. कार्ड मोठं आहे. काचेची कड उजळते ती फ्रेमच्या बाहेर असलेल्या पांढऱ्यामुळे. काच तो उजेड वाकवून लेन्सकडे आणते. ६० च्या सॉफ्टबॉक्सवर ५० चं कार्ड म्हणजे चहूकडे फक्त ५ सेंमीची पट्टी उरली, आणि कार्ड जरा सरकलं की एका बाजूला ७, दुसऱ्या बाजूला ३. तुमच्या कडांतला फरक हाच आहे.

तुमच्याच अंतरांवरून माप काढा. ५० मिमी, क्रॉप सेन्सर, उभी फ्रेम, लेन्सपासून सॉफ्टबॉक्सपर्यंत ९५ सेंमी: तिथे कॅमेऱ्याला साधारण ३० x ४५ सेंमी दिसतं. कार्ड ३२ x ४७ चं कापा. डाव्या-उजव्या बाजूला १४-१४ सेंमी पांढरं मिळेल, कडा दमदार होतील. पट्टीने मोजून चिकटवा, नजरेने नको.

धुरकटपणाची कारणं दोन. सॉफ्टबॉक्सचा उघडा भाग थेट लेन्समध्ये शिरतो आणि काळा रंग राखाडी करतो. लेन्सला हूड (आडवा उजेड अडवणारी कडा) लावा, यूव्ही फिल्टर काढा, लेन्सच्या दोन बाजूंना काळी कार्डं उभी करा. दुसरं कारण टेबल. त्याच्या पृष्ठभागावर सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब पडतंय. पेला उलट्या ठेवलेल्या छोट्या बाटलीवर उभा करा आणि बाटली फ्रेमच्या खाली जाऊ द्या, किंवा काळा ॲक्रिलिक घ्या आणि प्रतिबिंब मुद्दाम वापरा. अर्धवट मात्र नको.

आणि पेला धुवा हो. अशा प्रकाशात धुळीचा कणही चांदणीसारखा चमकतो. नळाच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने काढा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड, मायक्रोफायबरने पुसणं, त्यानंतर हातमोज्यांशिवाय स्पर्श नाही.

माझं मत विचाराल तर हाच फोटो गाळा. काढलाय नीट, पण काळ्यावर उजळ कडांचा पेला हा धड्यातला पहिला प्रयोग आहे. परीक्षकांपुढे असे चार-पाच असणार.

दिवाबत्ती

असहमत. चार-पाच असतील, पण त्यातले निर्दोष किती? जोखीम ४ मध्ये आहे.

समईकडे वळतो. फ्लॅशचा उजेड हजारांश सेकंदाच्या आसपास संपतो, त्याला शटरशी देणंघेणं नाही. ज्योतीचा उजेड मात्र शटर उघडं असेल तेवढाच जमा होतो. १/२०० ला ज्योत दिसते कारण ती स्वतः प्रखर आहे, पण तिचा उजेड पितळेवर नोंदलाच जात नाही. १/१५ करा, आयएसओ ४००, एफ/५.६ तेच, फ्लॅशची ताकद अर्धी. पंखा बंद, खिडक्या बंद, वाती आखूड. ज्योतीचा गाभा पांढरा होणारच, तो होऊ द्या. कडेचा केशरी भाग टिकला पाहिजे. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. लाल आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, आणि एकत्र आलेख ते लपवतो.

रंग: फ्लॅश ५५०० केल्विनच्या जवळपास, तेलाची ज्योत २००० च्या आत (आकडा कमी तितका उजेड पिवळा-केशरी). त्यामुळे पितळ एका बाजूने चुन्यासारखं, दुसऱ्या बाजूने केशरी. फ्लॅशवर फुल सीटीओ (गडद केशरी) जिलेटिन लावा, तो ३२०० च्या आसपास उतरतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ३४००. ज्योत तरीही सोनेरीच राहील, आणि तशीच हवी.

पांढऱ्या चौकोनासाठी पोलरायझर घेऊ नका. काच-पाण्यावर तो चालतो, धातूच्या चकाकीवर नाही. पितळ हा आरसाच. त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. समई आणि सॉफ्टबॉक्सच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव ताणा आणि सॉफ्टबॉक्स त्याच्या मध्यावर न ठेवता मागच्या कडेकडे सरकवा. कागद एका बाजूला उजळ, दुसरीकडे हळूहळू मावळता. पितळेवर चौकोनाऐवजी तो उतार उमटेल. उजव्या बाजूला काळ्या कार्डची चार बोटं रुंद पट्टी उभी करा, त्याची गडद रेघ दांड्याला गोलाई देते. कागद ज्योतीपासून हातभर लांब, आणि पाण्याची बादली जवळ.

बारवप्रेमी

४ सपाट आहे कारण टॉर्च कॅमेऱ्याजवळून मारलाय. दगडाची खडबड फक्त तिरक्या उजेडात दिसते. भिंतीला जवळजवळ समांतर, कॅमेऱ्यापासून काटकोनात चालत मारा. टॉर्चपुढे काळ्या कागदाची १५ सेंमी नळी लावा म्हणजे बल्बचा डोळा फ्रेममध्ये येणार नाही. कपडे गडद.

दुप्पट अंतरावरच्या भिंतीला पाव उजेड मिळतो, म्हणून तिथे चौपट वेळ. जवळच्या पायऱ्यांवरचे भाजलेले डाग त्यामुळेच आलेत: हात सगळीकडे सारखाच फिरवलाय. आणि हात थांबवू नका, भिंतीला चुना लावतात तसा सतत फिरवा.

फ्रेम जोडायच्या नाहीत, मग ३० सेकंदांत हे बसत नाही. बी मोड (शटर हवं तितका वेळ उघडं), रिमोट, तीन-चार मिनिटं, आयएसओ १००, एफ/८. एका जागेवरून दुसरीकडे जाताना सोबत्याने लेन्सपुढे, स्पर्श न करता, काळं कार्ड धरायचं. हे सगळं एकाच एक्स्पोजरमध्ये होतं, त्यामुळे नियमात बसतं. फोकस आधी टॉर्चच्या उजेडात करून मॅन्युअलला, स्टॅबिलायझर बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर चार मिनिटांच्या फोटोनंतर आणखी चार मिनिटं कॅमेरा अडकून बसतो. बॅटरी आणि वेळ तसे धरा. निळसरपणा टॉर्चचा आहे, साधारण ६००० केल्विन. त्यावर हाफ सीटीओ.

बारव संरक्षित स्मारक असेल तर ट्रायपॉडची परवानगी आधी काढा. ओल्या पायऱ्यांवर एकट्याने उतरायचं नाही.

कवडसा

सगळ्यांचे आभार. १, २, ३ पुन्हा काढले, नवे प्रचि वर टाकले आहेत. ३ चे ठिपके आता चाकूने कापल्यासारखे. २ मध्ये १/१५ ला दोन ज्योती हलल्या, १/३० आणि आयएसओ ८०० वर जमलं, फ्लॅश आणखी अर्धा केला. बारवेला परवानगीचं वेळेत होणार नाही, म्हणून ४ बाद.

आता नवी अडचण. जेपेग केल्यावर १ च्या पार्श्वभूमीत आणि समईमागच्या भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. शिवाय ३ मोबाइलवर फिका दिसतो.

निम्माउजेड

फिका दिसतोय म्हणजे ॲडोबी आरजीबीतच (जास्त रंगांची दुसरी रंगव्यवस्था) निर्यात झाली असेल. एसआरजीबीत 'कन्व्हर्ट' करा; नुसतं प्रोफाइल 'असाइन' केलंत तर रंग फिकेच राहतील.

पायऱ्या आठ बिटमुळे, त्यात छटा मोजक्याच मावतात. काम शेवटपर्यंत सोळा बिटमध्ये ठेवा, लहान केल्यानंतर अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) घाला, लाइटरूममध्ये ६ ते ८ पुरतो. जेपेग दर्जा ८५ च्या खाली नको. १९२० ला तो २ एमबीत सहज बसतो. शार्पनिंग लहान केल्यानंतरच.

प्रोजेक्टरचा विचार आत्ताच करा. खोलीत थोडा जरी उजेड असला तरी तो गडद छटा गिळतो. ३ मधले केस आणि २ मधली समईची बैठक तुमच्या स्क्रीनवर जेमतेम दिसतात, तिथे त्या नाहीशा होतील. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा आणि फक्त या दोन जागा अर्धा स्टॉप उचला. १ ची पार्श्वभूमी उचलू नका, ती काळीच हवी. प्रोजेक्टर १९२० x १०८० चा असेल तर उभा फोटो १०८० उंचीला आकसतो. १ तसा लहान करून एकदा बघा, उजवी कड अजूनही बारीक वाटते मला.

कवडसा

बरोबर, १०८० ला ती तुटक दिसते. कार्ड एक सेंमी डावीकडे सरकवून आज रात्री परत काढतो.

दिवाबत्ती

कार्ड नको, पेला सरकवून बघा आधी. कार्ड मोजून मध्यावर लावलंय ना? मग पेलाच मध्यरेषेवर नसेल. आणि रॉ फाइलींची नावं बदलू नका, मागितल्या तर त्याच क्रमांकाने शोधाव्या लागतील.