प्रति: उजेड किती, यापेक्षा कुठून

दिवे जितके प्रखर तितकं बसस्टँडवर सुरक्षित वाटतं, हे इथे आधी कुणीतरी मांडलेलं म्हणणं मला अर्धंच पटतं. रात्री पणजीहून म्हापशाला परतताना एका थांब्यावर पांढराफटक दिवा थेट डोळ्यांवर येतो. डोळे दिपतात, बाहुल्या आकसतात आणि पलीकडच्या काळोखात कोण उभं आहे ते दिसतच नाही. मला तिथे खरंच भीती वाटते. पावसाळ्यात ओल्या फरशीची चकाकी वेगळीच!

६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) निळसर उजेडाने मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरकही दबतं, म्हणजे झोप यायला उशीर होतो. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर, खाली वळवलेला दिवा लावा. शेजारच्या बाईचा चेहरा नीट दिसला, की जीव भांड्यात पडतो.